लोखंडाचा सांधा आणि शिकाऊ हात



घराच्या खिडकीची जाळी, शाळेचे फाटक, बसगाडीचा सांगाडा, पाण्याच्या टाकीचा मनोरा, कारखान्याच्या छपराच्या कैच्या या गोष्टी तुम्ही नेहमी पाहता. लोखंडाचे अनेक तुकडे एकमेकांना जोडून त्या तयार झालेल्या असतात. जोडकाम पूर्ण झाले की त्यावर रंगाचा हात फिरतो आणि सांधा दिसेनासा होतो. भार मात्र त्या न दिसणाऱ्या सांध्यावरच असतो. हा सांधा घालणाऱ्या कारागिराला आपण व्यवहारात वेल्डर म्हणतो. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, तसे वेल्डरला 'संधाता' असे नाव आहे.

तुमच्यापैकी काही जण दिवसा काम करून उरलेल्या वेळात अभ्यास करीत असतील. काहींचे शिक्षण मध्येच थांबले असेल आणि ते आता पुन्हा सुरू झाले असेल. अशा विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो : आधी कमवायचे, की आधी शिकायचे? काम करता करता शिकण्याची पद्धत, म्हणजेच शिकाऊ उमेदवारी, हे या प्रश्नाचे एक जुने आणि अनुभवाला उतरलेले उत्तर आहे. मात्र त्या उत्तराच्याही काही अटी आहेत. वेल्डिंग व लोखंडी बांधकाम, म्हणजे फॅब्रिकेशन, या व्यवसायाच्या आधारे त्या अटी आपण समजून घेऊ.

सांधण्याची परंपरा

धातू सांधण्याची कला आपल्याकडे नवी नाही. दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारात उभा असलेला लोहस्तंभ गुप्तकाळातील आहे. त्याची उंची सुमारे ७ मीटर आणि वजन सुमारे ६ टन आहे. एवढा मोठा स्तंभ एकसंध ओतून केलेला नाही. लोखंडाचे तापलेले गोळे एकावर एक ठेवून, घणाचे घाव घालून ते एकजीव करण्यात आले. लोहारकामातील या पद्धतीला घडाई सांधकाम म्हणता येईल. गावोगावचा लोहार भाता, ऐरण, सांडशी आणि घण यांच्या साहाय्याने नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या धावा याच रीतीने सांधत आला. हे ज्ञान त्याच्याकडे पुस्तकातून आले नव्हते. भाता ओढणारा मुलगा बापाच्या हाताकडे पाहत असे, आणि पुढे कधीतरी घण त्याच्या हाती येत असे.

विजेच्या साहाय्याने धातू सांधण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली. रशियातील निकोलाय बेनार्डोस यांनी १८८०च्या दशकात कार्बनची कांडी वापरून विद्युत्-ज्योतीने धातू वितळवून दाखवला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग यांनी धातूच्या कांडीवर रासायनिक लेप देण्याची युक्ती काढली. आज गल्लीतल्या कारखान्यात जो 'रॉड' वापरला जातो, तो याच लेप दिलेल्या कांडीचा वंशज होय.

ठिणगीमागील शास्त्र

दूरून पाहणाऱ्याला वेल्डिंग म्हणजे झगमगाट आणि ठिणग्या एवढेच दिसते. प्रत्यक्षात तेथे काय घडते? वेल्डिंग यंत्राची एक तार कामाच्या लोखंडाला जोडलेली असते, दुसरी होल्डरमधील रॉडला. रॉडचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले की मधल्या फटीतून विद्युत्प्रवाह वाहू लागतो आणि प्रखर ज्योत निर्माण होते. तिलाच आर्क म्हणतात. साधे पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. आर्कचे तापमान त्याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे रॉडचे टोक आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा क्षणात वितळून त्यांचे एक छोटे डबके तयार होते. ते थिजले की सांधा तयार होतो.

या डबक्याला हवेपासून जपावे लागते. हवेतील प्राणवायू व नत्रवायू वितळलेल्या धातूत शिरले, तर सांधा ठिसूळ आणि सच्छिद्र होतो. रॉडवरील लेप येथे उपयोगी पडतो. तो जळताना वायूचे आवरण तयार होते, आणि लेपाची वितळलेली मळी धातूवर तरंगून सायीसारखी जमते. तिला स्लॅग म्हणतात. सांधा थंड झाल्यावर ती ठोकून काढावी लागते व तारेच्या ब्रशने जागा स्वच्छ करावी लागते. लेपाने दमटपणा धरला, तर त्यातील पाण्यामुळे सांध्यात छिद्रे पडतात, क्वचित तडेही जातात. म्हणून रॉड कोरड्या जागी ठेवण्याचा नियम आहे आणि पावसाळ्यात तो विशेष कसोशीने पाळावा लागतो.

हात कसा तयार होतो?

शास्त्र समजले म्हणजे सांधा घालता आला असे होत नाही. शिकणाऱ्याला एकाच वेळी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, विद्युत्प्रवाह. ३.१५ मिलिमीटर जाडीच्या साध्या रॉडला सर्वसाधारणपणे ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. प्रवाह कमी पडला तर रॉड चिकटतो व धातू आतवर उतरत नाही. तो जास्त झाला तर पातळ पत्र्याला भोक पडते. दुसरी, आर्कची लांबी. ती साधारणपणे रॉडच्या जाडीइतकी असावी. तिसरी, रॉडचा कोन. चौथी, हाताचा वेग. यांत भर म्हणजे रॉड सतत जळून आखूड होत असतो. त्यामुळे हात पुढे सरकत असतानाच खालीही उतरावा लागतो.

म्हणून शिकाऊ उमेदवाराला आरंभी टाकाऊ पट्टीवर केवळ सरळ रेघा मारायला लावतात. मुळाक्षरे गिरवण्यासारखेच हे आहे. रेघ एकसारखी येऊ लागली की सपाट जागेतील सांधा, मग आडवा, मग उभा आणि शेवटी डोक्यावरचा सांधा असा क्रम असतो. उभ्या व डोक्यावरच्या सांध्यात वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो. त्याला आवरण्यासाठी हाताला जे वळण लागते, ते समजावून सांगता येत नाही, सरावानेच येते. निष्णात वेल्डर आर्कच्या आवाजावरूनही काम नीट चालले आहे की नाही हे ओळखतो.

फॅब्रिकेशनमध्ये तर वेल्डिंग हा कामाचा एक भाग असतो. आराखडा वाचणे, माप घेणे, खुणा करणे, कापणे, कडा घासणे, गुण्या लावून काटकोन साधणे, टाके मारणे, मग पक्के सांधणे आणि शेवटी घासून रंगवणे अशी ही साखळी असते. एक उदाहरण पाहू. १२०० मिलिमीटर लांब आणि ९०० मिलिमीटर उंच अशी फाटकाची चौकट करायची आहे. चारही कोपरे काटकोनात आहेत हे कसे ओळखावे? कारागीर दोन्ही कर्ण मोजतो. चौकट अचूक असेल, तर प्रत्येक कर्ण बरोबर १५०० मिलिमीटर भरतो. तुम्ही गणिताच्या पुस्तकात शिकलेला पायथागोरसचा सिद्धान्त येथे खडूच्या रेघेवर उतरलेला असतो.

पण चौकट मापात बसवली आणि एक कोपरा लगेच पक्का सांधला, तर पुढचे कर्ण चुकतात. याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. तापल्यावर लोखंड प्रसरण पावते व थंड होताना आकुंचन पावते. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी १०० अंशांनी तापली, तर सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते. सांध्याच्या ठिकाणी तर तापमान हजार अंशांच्या वर जाते. थिजणारा सांधा चौकटीला आपल्याकडे ओढतो. म्हणून आधी चारही कोपऱ्यांना छोटे टाके मारतात, कर्ण पुन्हा मोजतात आणि नंतर समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने सांधतात. 'आधी टाका, मग माप, मग सांधा' हा क्रम शिकाऊ उमेदवाराच्या अंगवळणी पडला, तर पुढचे पुष्कळसे काम सोपे होते.

शिकाऊ उमेदवारी : कायदा काय सांगतो?

भारतात शिकाऊ उमेदवारीसाठी १९६१ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्यानुसार उमेदवार आणि आस्थापना यांच्यात लेखी करार होतो व त्याची नोंदणी केली जाते. उमेदवार अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने पालक करार करतात. प्रशिक्षणाच्या काळात उमेदवाराला विद्यावेतन मिळते. तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, ही कायद्याची भूमिका आहे. तरीही त्याच्या आरोग्याची व सुरक्षिततेची जबाबदारी आस्थापनेवर असते, आणि प्रशिक्षणात इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूने, प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मात्र मालकावर नसते. हे आधीच ठाऊक असलेले बरे.

२०१४ मध्ये या कायद्यात महत्त्वाचे बदल झाले. शिकाऊ उमेदवारीसाठी किमान वय १४ वर्षे आहे. धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी ते १८ वर्षे करण्यात आले. २०१६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू केली. २०१९ मधील नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, तर ४ ते २९ माणसांच्या छोट्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवण्यात आले. फॅब्रिकेशनचे बहुतेक छोटे कारखाने या दुसऱ्या गटात मोडतात.

नोकरी किंवा शेती सांभाळून अर्धवेळ शिकू इच्छिणाऱ्यांचा विचारही आपल्याकडे पूर्वीपासून झालेला आहे. देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ मध्ये मुंबईत स्थापन झाले. कामगार व त्यांचे कुटुंबीय यांना त्यांच्या सोयीच्या वेळी व्यवसायाचे आणि जीवनाचे शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे देशभर अशी केंद्रे निघाली. २००० मध्ये त्यांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले.

काम आणि शिक्षण यांतील भेद

तथापि, सगळेच शिकणारे करार करून शिकत नाहीत. अनेक मुले संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जवळच्या कारखान्यात मेस्त्रींच्या हाताखाली उभी राहतात. या रीतीत मोठा गुण आहे. खरे काम, खरे गिऱ्हाईक आणि खरी घाई यांत जे शिकायला मिळते, ते वर्गात मिळत नाही. पण तिचा एक धोकाही आहे. दोन-दोन वर्षे कारखान्यात येऊनही मुलाच्या हाती होल्डर येतच नाही. तो अँगल उचलतो, ग्राइंडर चालवतो, चहा आणतो. त्याची मेहनत होते, शिक्षण होत नाही.

म्हणून अर्धवेळ शिकणाऱ्याने आरंभीच मेस्त्रींशी नम्रपणे पण स्पष्ट बोलून घ्यावे. आठवड्यातील किती वेळ केवळ सरावासाठी मिळेल? टाकाऊ पट्ट्या व उरलेले रॉड वापरता येतील का? केलेला सांधा कोण तपासणार? याबरोबरच एक वही ठेवावी. त्या दिवशी कोणती जाडी, कोणता रॉड, किती प्रवाह आणि कोणती चूक, एवढी चार टिपणे पुरेशी आहेत. आठवड्यातून काहीच तास हाती असणाऱ्याला मागचा धडा विसरणे परवडत नाही, आणि ही वही ती उणीव भरून काढते. ज्यांना शक्य असेल त्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील संधाता व्यवसायाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचाही विचार करावा. तो मुलींनाही खुला आहे. अनुभवाने शिकलेल्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. हातातील विद्येला कागदाची जोड मिळाली की दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही तिची ओळख पटते.

डोळे, फुप्फुसे आणि जीव

या व्यवसायात सुरक्षिततेचे नियम पुस्तकाच्या शेवटी वाचायचे नसतात. ते पहिल्या दिवशीच शिकावे लागतात. आर्कमधून तीव्र अतिनील किरण बाहेर पडतात. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला, तर त्या वेळी फारसे जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे जावे. योग्य गडद काच बसवलेले शील्ड, चामड्याचे कोरडे हातमोजे, अंगभर सुती कपडे आणि बंद बूट ही वेल्डरची साधनेच आहेत. कृत्रिम धाग्याचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

धुराचा त्रास डोळ्यांना लगेच दिसत नाही, म्हणून तो अधिक फसवा आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सांधताना निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. म्हणून खेळती हवा, धूर ओढून घेणारा पंखा आणि मुखवटा यांचा आग्रह धरावा. धुराच्या लोटात तोंड घालून काम करू नये.

गॅस वेल्डिंगचे नियम आणखी कडक आहेत. भारतात ऑक्सिजनचे सिलिंडर काळ्या रंगाचे आणि अॅसिटिलीनचे तपकिरी-लाल रंगाचे असते. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजनमध्ये ते भडकते. अॅसिटिलीनचे सिलिंडर नेहमी उभे ठेवावे. त्याच्या आत वायू द्रवात विरघळवलेला असतो आणि आडव्या सिलिंडरमधून तो द्रव बाहेर येऊ शकतो. इंधनाचे रिकामे पिंप सांधायला आले, तर ते पूर्णपणे स्वच्छ व बाष्परहित केल्याशिवाय त्याला ज्योत लावू नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातील वाफेने स्फोट होतो. शिकाऊ उमेदवाराला असे काम नाकारण्याचा संकोच वाटतो. तो वाटू नये. मेस्त्रींना विचारणे हे भित्रेपणाचे लक्षण नाही.

न दिसणारा दोष

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले 'शेनेक्टडी' नावाचे नवे तेलवाहू जहाज अचानक मधोमध तडकले आणि जवळजवळ दुभंगले. त्या काळी रिव्हेट मारून जोडलेल्या जहाजांऐवजी सांधलेली जहाजे झपाट्याने बांधली जात होती. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, एका ठिकाणी एकवटणारा ताण आणि सदोष सांधे ही अशा दुर्घटनांची कारणे पुढे अभ्यासातून स्पष्ट झाली. रिव्हेटच्या जहाजात तडा सहसा एका पत्र्याच्या कडेपाशी थांबतो. सांधलेल्या जहाजात सगळे पत्रे एकजीव असल्यामुळे तो पुढे धावत जातो. सांध्याचे जे बळ, त्याच्याच पोटी हा धोका आहे. या अनुभवातून पोलादाची निवड, सांध्यांचे आराखडे आणि त्यांची तपासणी यांचे शास्त्र पुढे गेले. आपल्या देशातही तिरुचिरापल्ली येथे १९७५ मध्ये भेल या सार्वजनिक उपक्रमाने वेल्डिंग संशोधन संस्था स्थापन केली.

मोठ्या कारखान्यात क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी सांधा तपासतात. गल्लीतल्या कारखान्यात अशी सोय नसते. तेथे गॅलरीचा कठडा, शाळेतील झोपाळा किंवा टेम्पोचा हूक यांच्या सांध्यात मळी अडकून राहिली, धातू मुळापर्यंत उतरला नाही, तर वरून मारलेला रंग ते झाकून टाकतो. गिऱ्हाइकाला कळत नाही. मालकाच्याही ध्यानात येईलच असे नाही. ते फक्त सांधणाऱ्याला ठाऊक असते. तो सांधा घासून, उकरून पुन्हा घालायचा की रंगाचा डबा उघडायचा, हा निर्णय त्या वेळी त्याच्या एकट्याच्या हाती असतो. त्या कठड्यावर उद्या एखादे मूल रेलून उभे राहणार आहे, हे ज्याच्या मनात येते तो पुन्हा ग्राइंडर उचलतो. प्रमाणपत्राच्या परीक्षेत हा प्रश्न विचारला जात नाही. पण ज्या दिवशी शिकाऊ उमेदवार कोणी न सांगता आपला सदोष सांधा स्वतः उकरतो, त्या दिवशी त्याच्या हातावर विसंबता येते, हे मेस्त्री ओळखतात. मग महत्त्वाचे काम आपोआप त्याच्याकडे येऊ लागते.

विचार करा आणि लिहा

१. 'शिकाऊ उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे.' या विधानाचे उमेदवाराच्या दृष्टीने कोणते लाभ आणि कोणत्या मर्यादा आहेत?

२. १६०० मिलिमीटर लांब व १२०० मिलिमीटर उंच चौकटीचा कर्ण किती असेल ते काढा. चौकटीचा एक कोपरा आधी पक्का सांधला तर काय होईल, हे कारणासह लिहा.

३. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याने आपली विद्या कोणाकडून, किती काळात आणि कशी मिळवली, याची माहिती १५ ओळींत लिहा.